कुठं पोचलास?

शनिवार-रविवार मी गावाकडं असतो. पहाटे उठून पुलापर्यंत पळतो आणि परत येतो. घरी येईतो आई ओट्यावर येऊन बसलेली असते. मी कमरेवर हात ठेवून धापा टाकतो आणि ती माझ्याकडं बघत विचारते, "कुठवर गेलतास?"

"पुलापर्यंत."

"काय काम होतं पुलाकडं?"

"काही नाही."

"मंग काहून पळू राहिला रे बाबा? पळून पळून पोचलास कुठं? आलास तर हितंच."

पहिल्यांदा मी हसलो. दुसऱ्यांदा तिला साखर, रक्तदाब, वजन असं सगळं समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा मात्र गप्प बसलो. कारण तिचा प्रश्न डॉक्टरकीचा नव्हता. ज्या बाईनं जन्मभर एक पाऊल कामाशिवाय उचललं नाही, तिला बिनकामाचं पळणं म्हणजे नेमकं काय हे विचारायचं होतं. त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. पुरतं आजही नाही. पण शोधता शोधता जे सापडलं ते लिहून ठेवतो.

आमचं गाव बदनापूर तालुक्यात. एका अंगाला दुधना, दुसऱ्या अंगाला मनमाड-काचीगुडा रेल्वेची लाईन. लहानपणी आम्ही पोरं पळायचोच. गुरं उधळली की पळायचं, शाळेची घंटा झाली की पळायचं, मालगाडी दिसली की तिच्याबरोबर पळायचं. त्याला व्यायाम म्हणतात हे कुणाला ठाऊक होतं? मोठा झाल्यावर १९९४ साली पोलीस भरतीसाठी पळालो. तेव्हा पळण्याला पहिल्यांदा काम मिळालं. पहाटे चारला उठून, कॅनव्हासच्या फाटक्या बुटांत, पोटाला भाकरीचा काला. भरतीत उतरलो नाही. घरी येऊन बूट माळवदावर फेकले, ते पुढं पंचवीस वर्षं काढले नाहीत. जालन्यात एका बियाण्याच्या दुकानावर हिशेब लिहायला लागलो. खुर्चीत बसून पोट सुटलं, जिना चढताना दम लागायला लागला. एक दिवस डॉक्टरांनी कागद समोर धरला आणि म्हणाले, "साखर उंबऱ्यावर उभी आहे. आत घ्यायची का नाही ते तुम्ही ठरवा."

रस्त्यावर पळायची लाज वाटली. सत्तेचाळीस वर्षांचा ढेरपोट्या माणूस चड्डी घालून पळताना ओळखीच्यांनी बघितला तर? म्हणून २०१९ च्या दिवाळीनंतर एकाकडून जुनी ट्रेडमिल विकत घेतली आणि जालन्याच्या घरात मधल्या खोलीत मांडली. रबरी पट्टा पायाखालून मागं सरकतो, आपण जागच्या जागी पुढं चालत राहायचं. समोर भिंत, भिंतीवर कॅलेंडर. अर्ध्या तासात यंत्र सांगायचं, तीन किलोमीटर झाले. कॅलेंडर तिथंच असायचं.

या यंत्राचा पूर्वज तुरुंगातला आहे हे मला नंतर वाचून कळलं. १८१८ साली विल्यम क्यूबिट नावाच्या इंग्रज इंजिनिअरानं कैद्यांसाठी पायऱ्यांचं एक मोठं चाक काढलं. कैद्यांनी दांड्याला धरून तासन्‌तास पायऱ्या चढत राहायचं, चाक फिरत राहायचं, माणूस वर जायचा नाही. काही तुरुंगांत त्या चाकावर धान्य दळलं जायचं, पाणी उपसलं जायचं. काही ठिकाणी मात्र चाकाला काहीच जोडलेलं नसायचं. नुसतं फिरवायचं. कष्टापेक्षा त्यातला निरर्थकपणा हीच खरी शिक्षा असावी. पुढं १८९८ च्या तुरुंग कायद्यानंतर इंग्लंडातली ही चाकं बंद पडत गेली. आपल्याकडं तेलाच्या घाण्याला जुंपलेला बैल दिवसभर फिरून जागच्या जागी असतो, पण संध्याकाळी डब्यात तेल तरी असतं. मी पट्ट्यावरून उतरायचो तेव्हा खाली नुसता घाम असायचा. आणि विजेचं बिल.

तरी चालत राहिलो. आणि मग २०२० चा मे महिना आला.

लॉकडाऊन होता. बाहेर पडायला बंदी, म्हणून माझी खोलीतली चाल उलट वाढली होती. ७ मेच्या संध्याकाळी मी पट्ट्यावर घाम गाळला, आंघोळ केली, जेवलो, झोपलो. त्याच संध्याकाळी जालन्याच्या एका पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले वीस मजूर पायी निघाले होते. भुसावळला गाडी मिळेल या आशेनं. रस्त्यानं गेलं तर अडवतील, म्हणून रेल्वेच्या रुळांवरून. गाड्या बंद आहेत असा त्यांचा समज होता. रात्रभर चालून ते बदनापूरच्या पुढं, करमाडजवळ पोचले. थकून रुळांवरच बसले आणि तिथंच त्यांचा डोळा लागला. ८ मेच्या पहाटे सव्वापाचच्या सुमारास मालगाडी आली. सोळा माणसं गेली. रुळांवर विखुरलेल्या चपात्यांचे फोटो सगळ्या देशानं बघितले.

ती लाईन आमच्या शिवाराला लागून जाते. म्हणजे ती माणसं रात्री कधीतरी आमच्या गावाजवळून गेली असणार. आईला कुत्री भुंकल्याचं आठवतं. ती त्याच रात्रीची का दुसऱ्या कुठल्या, हे तिला सांगता येत नाही. पण आजही बोलताना म्हणते, "कुणी हाक मारली असती तर घोटभर पाणी तरी दिलं असतं."

मी दुसऱ्या दिवशी ट्रेडमिलचा प्लग काढला. कुणी सांगितलं नव्हतं. मला पट्ट्यावर पाय ठेवताच येईना. सारखं वाटायचं, एकाच संध्याकाळी, एकाच गावात, काही माणसं घर गाठायला चालत होती आणि मी घरात राहून कुठंच न पोचायला चालत होतो. त्यांच्या पायांत आणि माझ्या पायांत फरक काय? त्यांना थांबता येत नव्हतं, मला बटण होतं. यंत्रावर चादर टाकली. पुढं तिच्यावर कपडे वाळायला लागले.

या लाजेत मी जवळजवळ तीन वर्षं काढली. वजन पुन्हा वाढलं आणि उंबऱ्यावरची साखर आत आली. मग एकदा गावाकडं चुलत्यांनी विषय काढला. आमचे हे चुलते तरुणपणी तालमीतले. आता ऐंशीच्या घरात आहेत, पण मांडी घालून बसलेले हाताचा टेका न घेता उठतात. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू चालणं सोडलंस म्हणून त्यातलं कुणी उठून घरी गेलं का?"

"नाही."

"मंग तुझं मन नुसतं रुसलं होतं. रुसून बसलेल्याचा कुणाला उपयोग असतो? आजारी पडशील आन पोरांच्या गळ्यात पडशील."

बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं. लाज वाटणं आणि लाजेचं काहीतरी करणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मी पहिलीलाच दुसरी समजून बसलो होतो.

तर २०२३ च्या पावसाळ्यानंतर पुन्हा सुरुवात केली. या खेपेला घाई नडली. चादर काढून पट्ट्यावर पंधरा दिवस पळालो, दम बरा टिकायला लागला, म्हणून एका रविवारी गावच्या डांबरी रस्त्यावर सलग पाच किलोमीटर मारले. छाती म्हणत होती आणखी चल. दोन दिवसांनी नडगी अशी ठणकायला लागली की पाय टेकवेना. फिजिओथेरपिस्ट बाईंनी समजावलं ते लक्षात राहिलं. दम काही आठवड्यांत सुधारतो. हाडं, सांधे, टाचेमागची जाड नस यांना मात्र महिने लागतात. पळताना प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार एका पायावर येतो. पट्टा थोडा दबतो आणि सगळीकडं सारखा असतो, रस्ता दबत नाही आणि उताराला लागतो. छाती तयार झाली म्हणून पाय तयार झाले असं नसतं.

त्यांनी एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला असं लावून दिलं. आठवड्यातून तीनच दिवस, मधे एक दिवस मोकळा. आणि दोन दिवस पायांची ताकद वाढवायची: खुर्चीवरून हात न लावता उठ-बस, पायरीच्या कडेला उभं राहून टाचा वर-खाली, पाठीवर झोपून पाय दुमडून कंबर उचलणं, एका पायावर उभं राहणं. हा कागद मी चुलत्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "पैसे देऊन बैठका शिकून आलास व्हय? पळणाऱ्याला पळून पाय येत न्हाईत, बसून-उठून येतात." तेव्हापासून ओट्याच्या खांबाला धरून त्यांच्या देखरेखीखाली माझ्या बैठका चालतात. पाठ वाकली की काठी लागते.

हळूहळू जमलं. आता आठवडाभर जालन्यात पट्ट्यावर आणि सुट्टीला गावच्या रस्त्यावर असं चालतं. माझं मन अर्थात रस्त्याकडं. पट्ट्यावर वारा कापावा लागत नाही, म्हणून वेगानं पळणारे त्याला एक टक्का चढ देतात. माझ्या बैलगाडीच्या वेगाला त्यानं फारसा फरक पडत नाही. पण रस्त्यावर काय काय असतं! भिजल्या काळ्या मातीचा वास असतो, तुरीवर दव असतं, मोसंबीच्या बागेतून पाणी सोडल्याचा आवाज येतो. उलट दिशेनं भरतीची पोरं पळत येतात. आता त्यांना सोळाशे मीटर असतात, पोरींना आठशे. ती पोरं मला "काका, पाय उचला" म्हणून पुढं जातात. त्यांच्या पळण्याला काम आहे. सेकंदासेकंदाला मार्क आहेत, मार्कांवर घर आहे. मी त्यांना वाट देतो. मी घाईत नाही हे माझं सुख आहे, आणि ते त्यांना नाही हे त्यांच्याकडं बघताना विसरता येत नाही.

एकदा घरी मी बोलून गेलो, "खरं पळणं बाहेरचं. खोलीतलं पळणं म्हणजे घाण्याचा बैल."

बायको भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "अहो, बाहेर पळायला तुम्हाला बूट लागतात. मला काय काय लागेल मोजा. अंधार गेलेला पाहिजे, उजेड फार झालेला नको. सोबतीला कुणीतरी पाहिजे. पंजाबी ड्रेस घातला तर सासूबाईंना चालला पाहिजे. पारावर बसलेल्या लोकांच्या तोंडाला कुलूप पाहिजे. एवढं सगळं जमलं की मग बूट. तुमच्या त्या घाण्यावर मी रोज दुपारी पाऊण तास चालते, ठाऊक तरी आहे का?"

ठाऊक नव्हतं. दोन महिन्यांपासून ती दुपारी दार लावून चालत होती. त्या पाऊण तासात तिला कुणी हाक मारत नाही, कुणी बघत नाही. ज्या खोलीला मी कोंडवाडा म्हणत होतो, ती घरातली तिची एकटीची जागा होती. मी रस्त्याला मोकळा म्हणत होतो, कारण तो माझ्यासाठी मोकळा होता. बाहेर पळावं का आत, हा प्रश्न मी हवेचा आणि गुडघ्याचा समजत होतो. त्याच्या आधी दुसरा प्रश्न असतो: बाहेर कुणाचं आहे? आमच्याच जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला. एवढा सरळ, गुळगुळीत रस्ता, त्यावर पायी माणसाला बंदी. आणि रेल्वेच्या रुळांवरून ते वीसजण का चालत होते? त्या दिवसांत रस्ता त्यांना मोकळा नव्हता म्हणूनच.

आता आईच्या प्रश्नाकडं येतो.

आईचे दोन्ही गुडघे गेलेत. वय त्र्याहत्तर. डॉक्टर म्हणाले, मांडीचे स्नायू कमजोर झालेत, व्यायाम पाहिजे. मी चक्रावलो. जिनं डोक्यावर दोन-दोन हंडे वाहिले, कापसाच्या वेचणीत दिवस दिवस वाकून काढले, सरपणाचे भारे आणले, तिचे स्नायू कमजोर? मग एवढी मेहनत गेली कुठं? माझ्या ओट्यावरच्या बैठका ताकद देतात आणि तिची पन्नास वर्षांची उठ-बस ताकद घेऊन जाते, हा कुठला न्याय?

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात मांडवा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतकऱ्याचा मुलगा अविनाश साबळे. लहानपणी शाळेला सहा किलोमीटर पायी-पळत जायचा. पुढं फौजेत गेला, तिथं पळण्याची वाट सापडली. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण त्यानं आणलं. आमच्या पारावर लोक म्हणतात, "गरिबीनं त्याला पळायला शिकवलं." मला हे पटत नाही. शाळेला सहा किलोमीटर चालणारी पोरं मराठवाड्यात गल्लोगल्ली होती, त्यातलाच मी एक. गरिबी पळायला लावते, शिकवत नाही. जिद्द त्याची स्वतःची, ती कुणी हिरावू शकत नाही. पण फौजेत त्याला पोटभर जेवण मिळालं, शिकवणारे मिळाले, आणि आज पुरे म्हणणारं कुणीतरी मिळालं. अंग कष्टानं नुसतं मोडतं. मोडलेलं भरून येतं ते जेवणानं आणि झोपेनं. भार आणि विसावा दोन्ही असले तर त्याला व्यायाम म्हणायचं. नुसता भार असला तर झीज.

आईला भार मिळाला, विसावा मिळाला नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या गावच्या बायांना मिळत नाही. त्या वीस मजुरांना मिळाला नव्हता. त्यांनी घटकाभर घ्यायला बघितला तोही जीवावर आला. माझ्या कागदावर फिजिओथेरपिस्ट बाईंनी "मधे एक दिवस मोकळा" असं लिहिलंय. तो मोकळा दिवस हाच माझ्या आणि त्यांच्या पायांतला फरक आहे. घाम दोघांचा सारखाच खारट.

मग मी पळणं सोडावं का? एकदा सोडून बघितलं, त्यातून कुणाचं भलं झालं नाही. चुलत्यांचं बोलणं बरोबर होतं. पण पळताना छाती फुगवून "मी मेहनत करतो" असं म्हणण्याचा हक्क मला नाही, एवढं आता कळतं. आणि ज्याला विसाव्याची किंमत कळली, त्यानं तो दुसऱ्याच्या वाटणीलाही येतो का हे बघायला नको? फार मोठं काही माझ्या हातात नाही. दुकानावर दोन हमाल आहेत. पोती उतरवून झाली की लगेच दुसऱ्या कामाला हाक मारायचो, ती आता अर्धा तास मारत नाही. मालक एकदा बोलले, मी ऐकून घेतलं. पट्टा गावाकडं हलवायचं ठरत होतं, ते बायकोला विचारून रद्द केलं. एवढंच. यानं जग सुधारत नाही, हे मलाही दिसतं.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी आईनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी मी तिच्याजवळ ओट्यावर बसलो आणि उलट विचारलं, "आई, हा पुलाचा रस्ता कधी झाला गं?"

"बहात्तरच्या दुष्काळात. आम्हीच तर केला. खडी फोडली मी त्याच्यावर. तू पोटात होतास. उन्हात बसून हातोड्यानं खडी फोडायची, ढीग मोजून पैसे. सुकडी मिळायची खायाला. सातव्या महिन्यापर्यंत होते मी कामावर."

हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. पण खडी फोडली म्हणजे कुठं, कुठल्या रस्त्यावर, हे कधी विचारलंच नव्हतं. ज्या रस्त्यावर मी साखर कमी करायला पळतो, त्याच्या डांबराखाली तिनं फोडलेला दगड आहे. तिच्या पोटात बसून मी तिथं आधीच जाऊन आलो होतो.

"मंग सांग," ती म्हणाली, "कुठं पोचलास?"

"तुझ्या खडीपर्यंत जाऊन आलो."

तिनं माझ्याकडं बघितलं, काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं. आता माझं ते काय असतं ते घे."

तिचं 'ते' म्हणजे तिचा व्यायाम. ती खुर्चीवर बसते. जुन्या मोज्यात अर्धा किलो वाळू भरून बायकोनं दोन पिशव्या शिवल्यात, त्या तिच्या घोट्याला बांधतो. पाय सरळ करायचा, पाचपर्यंत मोजायचं, खाली. दहा वेळा. मग दुसरा. दहा झाले की ती थांबायला तयार नसते. सवयच नाही थांबायची. "आणखी दहा होतील की," म्हणते. मी तिचा पाय धरून खाली ठेवतो.

"पुरे आई. आता बस घटकाभर."

"काम पडलंय सगळं."

"पडू दे. हापण व्यायामच आहे."

ती बसते. समोरून भरतीची पोरं पळत जातात. आई त्यांच्याकडं बघते आणि आतल्या बाजूला आवाज देते, "सूनबाई, तांब्या भरून ठेव गं ओट्यावर. पोरं परत येतील."